खडीच्या खाणीसाठी जुन्या शेताच्या पाण्याचा हिशेब

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात साउथ प्लॅट नदीकाठी वाळू-खडी काढताना खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, की उघड्या पडलेल्या पाण्याचे बाष्पीभवन सुरू होते आणि नदीत तूट येते. तेथे ज्याचा वापर आधीचा त्याचा हक्क पहिला. असा खड्डा कायद्याच्या दृष्टीने विहीरच ठरतो, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. त्यामुळे खाणमालक बहुधा एखाद्या जुन्या शेताचा पाण्याचा हक्क विकत घेऊन शेताचे सिंचन बंद करतो व तूट भरून देतो.

मात्र पाटातून उचलले जाणारे सारे पाणी त्याच्या वाट्याला येत नाही. पिकाने प्रत्यक्ष शोषले तेवढेच येते. समजा, शेताने १०० एकर-फूट पाणी उचलले आणि पिकाला ५० लागले, तर खाणीला ५०च मिळतात. (एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२.३३ लाख लिटर.) उरलेले पाणी पाझरून, कधी कित्येक महिन्यांनी, नदीत परतत असे. त्यावर खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचे हक्क उभे असल्याने ते पूर्वीच्याच वेळी व ठिकाणी नदीत पोचवावे लागते.

खरी अडचण अंदाजाची. पाटाच्या जुन्या नोंदी, हवाई छायाचित्रे आणि लसूणघास होता की मका, यांवरून भिजलेले क्षेत्र ठरते. पिकाची गरज तापमान व दिवसाच्या लांबीवर आधारलेल्या ब्लेनी-क्रिडल सूत्राने काढून त्यातून उपयुक्त पाऊस वजा करतात. पण गरज म्हणजे वापर नव्हे. दुष्काळात पाट कोरडा पडला असेल, तर सूत्राचा आकडा फुगतो. तो तसाच मान्य झाला तर खालचा शेतकरी नाडला जातो, फार छाटला तर हक्क विकणाऱ्याची किंमत बुडते. म्हणूनच जल न्यायालयात दोन्ही बाजूंचे अभियंते एकेका वर्षाच्या नोंदीवरून वाद घालतात.