वशीकरण आणि वीस बाजूंचा फासा

गेल्या चैत्र यात्रेत मी जोतिबाच्या डोंगरावर, देवळाबाहेरच्या दगडी पायऱ्यांवर बसून मोबाईलवर एक पात्र निवडत होतो. रेंज नव्हती, पण नियमांची पीडीएफ आधीच उतरवून ठेवली होती. स्क्रीनवर गुलाल बसला होता. समोरून सासनकाठ्या नाचवत येणाऱ्यांची रांग संपत नव्हती, हलगीचा आवाज पोटात घुमत होता आणि दर दोन मिनिटांनी 'चांगभलं'चा गजर उठत होता. रविवारी रात्री मित्रांसोबत डंजन्स अँड ड्रॅगन्सचा नवा डाव सुरू होणार होता. त्याआधी मला ठरवायचं होतं, की लोकांची मनं ताब्यात घेणारा आपला माणूस नेमका कोण असावा.

हा खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक पात्रं होतात. काय करायचं हे तुम्ही ठरवता, जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो, म्हणजे त्याचा धंदाच म्हणा: लढवय्या, चोर, जादूगार वगैरे.

मन ताब्यात घेणं या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली हा खेळ छापला, तेव्हाच त्यात 'चार्म पर्सन' नावाचा मंत्र होता. तो लागला की समोरचा पूर्णपणे जादूगाराच्या कह्यात जायचा आणि कुणीतरी मंत्र उतरवेपर्यंत तसाच राहायचा. १९७५ साली 'इल्युजनिस्ट' हा वेगळा क्लास आला. तो तुमच्या इच्छेला हात लावत नाही, तुम्हाला दिसतं ते बदलतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'एन्चांटर' आला, म्हणजे वशीकरणाचाच विशेष अभ्यास केलेला जादूगार.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत या मंत्राचे दात बरेच काढले गेले होते. आता चार्म पर्सन फक्त एक तास टिकतो. समोरचा तुम्हाला मित्र समजतो, गुलाम होत नाही. आणि तास संपला की आपल्यावर काय केलं गेलं हे त्याला कळतं. चाळीस वर्षांत हळूहळू हे मान्य होत गेलं, की ज्याच्यावर मंत्र पडला तोही या गोष्टीतला माणूस आहे.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. एन्चांटर नजरेनं माणूस जागच्या जागी खिळवतो, आणि चौदाव्या पातळीला पोचल्यावर आपण भारले गेलो होतो ही आठवणही पुसून टाकू शकतो. दुसरा वॉरलॉक. त्यानं एका अनाकलनीय शक्तीशी करार केलेला असतो. तो थेट तुमच्या डोक्यात बोलतो, आणि चौदाव्या पातळीला हतबल माणसाला नुसता स्पर्श करून आपला दास बनवतो. तिसरा बार्ड, म्हणजे आपला शाहीर म्हणा किंवा गोंधळी. त्याचं हत्यार गाणं, वाद्य आणि शब्द.

ही यादी वाचताना मला नवं काही वाचतोय असं वाटेना. आपल्याकडच्या तंत्रग्रंथांत षट्कर्मं सांगितली आहेत: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. एन्चांटरची खिळवणारी नजर म्हणजे सरळसरळ स्तंभन. आणि १८१९ साली पूर्ण झालेला धुंडिसुत मालूंचा 'नवनाथ भक्तिसार' उघडला, तर त्यात मोहिनी अस्त्रासकट अस्त्रांची अशी रेलचेल आहे, की कुठल्याही डीएमनं वही काढावी.

त्याच ग्रंथात मच्छिंद्रनाथांची स्त्रीराज्याची कथा आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रियांच्या राज्यात जातात, तिथल्या राणीसोबत राहतात, त्यांना मीननाथ नावाचा मुलगा होतो. शिष्य गोरक्षनाथ गुरूला शोधत निघतो. स्त्रीराज्यात पुरुषाला प्रवेश नाही, म्हणून तो एका नर्तकीच्या ताफ्यात मृदंग वाजवणारा होऊन शिरतो. भर दरबारात त्याचा मृदंगच बोलायला लागतो, गोरख आल्याची वर्दी देतो, आणि मच्छिंद्रनाथ दचकतात. लहानपणी ही गोष्ट मी सुटकेची गोष्ट म्हणूनच ऐकली: गुरू भुलला, चेल्यानं सोडवला.

मोठेपणी वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. मच्छिंद्रनाथांना तिथं कुणी भारून नेलेलं नाही. मारुतीनं गळ घातली, त्यांनी शब्द दिला आणि शब्दाप्रमाणे ते गेले. गुरू मोहात अडकला, हे गोरक्षनाथाचं मत आहे.

हीच कथा कोल्हापूरनं पडद्यावर आणली. प्रभात फिल्म कंपनी पुण्याला जायच्या आधी, १९३२ साली, व्ही. शांताराम यांनी 'माया मच्छिंद्र' केला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, दुर्गा खोटे राणी, मास्टर विनायक गोरखनाथ. त्यात सगळा खेळच गुरूनं शिष्याला शिकवण्यासाठी रचलेली माया ठरतो. म्हणजे सिनेमातले मच्छिंद्रनाथ इल्युजनिस्ट आहेत. ज्याला आपण भारलेला समजत होतो, त्यानंच आपल्याला भारलं होतं.

भारलेला नेमका कोण, हा प्रश्न मला आमच्या घरात पडला होता. २०१० च्या आसपासची गोष्ट, मी तेरा वर्षांचा असेन. माझ्या चुलत बहिणीचं, ताईचं, कॉलेजातल्या एका मुलावर प्रेम बसलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. घरात पहिले दोन दिवस आरडाओरडा झाला आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "पोरगी अशी नव्हती. काहीतरी खायला घातलंय तिला." त्या वाक्यानं सगळ्यांना हायसं वाटलं. पोरगी वाईट नाही, आईबाप चुकले नाहीत, तिच्यावर वशीकरण झालंय. मग तिला शेजारच्या तालुक्यातल्या एका देवर्षीकडे नेलं. मीही गाडीत होतो. त्यानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला आणि विचारलं, "त्यानं पेढा दिला होता का?" ताई म्हणाली, "आम्ही मिसळ खाल्ली होती." कुणी हसलं नाही. तिचा मोबाईल काढून घेतला गेला आणि चार महिने तिला घराबाहेर पाठवलं नाही. ती जे जे बोलायची ते मंत्राच्या खात्यावर जमा व्हायचं. ती रडली तरी मंत्र, गप्प बसली तरी मंत्र.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं त्यानुसार गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गरजेचा कायदा आहे. पण ताईला कुणी मारलं नव्हतं. घरच्यांनी फक्त तिच्या 'हो'ची किंमत शून्य ठरवली होती. दोन वर्षांनी तिनं त्याच मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. काका-काकू आता नातवंडांत रमलेत, आणि त्या लिंबाचा विषय कुणी काढत नाही.

त्या दिवशी पायऱ्यांवर ताई माझ्या शेजारीच बसली होती. समोर हलगीच्या ठेक्यावर एका बाईच्या अंगात आलं. लोक बाजूला झाले, कुणी हळदकुंकू लावलं, कुणी हात जोडून काही विचारू लागलं. ताई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघ, ती स्वतः बोलत नाही असं सगळे मानतात, म्हणून तिचं ऐकतात. मी स्वतः बोलत होते तर माझं कुणी ऐकलं नाही."

मग तिनं माझ्या मोबाईलमध्ये डोकावलं. "काय करतोयस?"

मी तिन्ही क्लास समजावून सांगितले. वशीकरणाचे मंत्र आहेत म्हटल्यावर ती हसली. "आणि ज्याच्यावर टाकला त्याला काही विचारतात का?"

"फासा टाकायला देतात. सेव्हिंग थ्रो म्हणतात. आकडा चांगला पडला तर मंत्र लागत नाही."

"बरं आहे की मग," ती म्हणाली. "तेवढं तरी देतात."

मी बार्ड निवडला. पाचव्या आवृत्तीत सहाव्या पातळीला बार्डला 'काउंटरचार्म' मिळतो. आमच्या ग्रुपमध्ये तो कुणीच वापरत नाही, कारण त्यानं शत्रूचं काही वाकडं होत नाही. बार्ड वाजवत राहतो आणि तेवढा वेळ जवळच्या सोबत्यांना मोहिनीविरुद्ध एकाऐवजी दोन फासे टाकता येतात, त्यातला चांगला धरायचा. बार्ड कुणाला खेचून बाहेर काढत नाही. सुटायचं की नाही हे कुणाच्या वतीनं ठरवतही नाही. फासा ज्याचा त्यानंच टाकायचा असतो. गोरक्षनाथाचा मृदंग असा वाजला असता, तर मच्छिंद्रनाथांनी काय केलं असतं कुणास ठाऊक. कदाचित ते तिथंच राहिले असते.

संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघाली. ताईच्या मुलीनं खोबऱ्याचे तुकडे आणि गुलाल उधळायला मूठ भरली आणि ती आजोबांच्या खांद्यावर चढली. मी पात्राच्या नावाच्या रकान्यात 'हलगीवाला' लिहिलं आणि मोबाईल खिशात टाकला.