पुनर्चक्रण उद्योगातील कामगार-कौशल्ये

टाकाऊ कागद, प्लॅस्टिक, काच, धातू व इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून पुन्हा कच्चा माल तयार करणाऱ्या उद्योगात कामगाराला लागणारी कौशल्ये. माल गोळा करणे, निवडणे, गाठी बांधणे, दळणे-धुणे व दाणा पाडणे हे या कामाचे मुख्य टप्पे होत. नोकरीसाठी अर्ज करताना आपला अनुभव कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे नमूद करावे लागते.

मालाची पारख : हे सर्वांत मोलाचे कौशल्य होय, कारण भेसळीच्या मालाला भाव मिळत नाही. पीईटी बाटल्यांत थोडे पीव्हीसी मिसळले तरी वितळवताना आम्ल सुटून दाणा पिवळा पडतो. प्लॅस्टिकच्या वस्तूंवरील १ ते ७ हे आकडे त्यांचा प्रकार दर्शवितात. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आकडा नसल्यास तुकडा पाण्यात टाकून पाहतात : पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगते, पीईटी व पीव्हीसी बुडते. लोखंड चुंबकाला चिकटते. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलचे अनेक प्रकारही चिकटत नसल्याने रंग, वजन आणि कानशीचा घास यांवरून निर्णय करावा लागतो.

यंत्रे व सुरक्षितता : सरकता पट्टा, गाठी बांधण्याचे यंत्र, फोर्कलिफ्ट व वजनकाटा हाताळता येणे ही जमेची बाजू ठरते. अडकलेल्या यंत्रात वीज तोडल्याशिवाय हात न घालण्याची शिस्त अनिवार्य असते. लिथियम बॅटरी चेपली गेल्यास पेट घेऊ शकते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. असे धोके ओळखून तो माल वेगळा काढता यावा लागतो.

नोंदी : ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्यांना नोंदणी व विवरणपत्रे बंधनकारक असल्याने आवक-जावकीच्या अचूक नोंदी ठेवणाऱ्या कामगाराची गरज असते.

अनुभवाची मान्यता : पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे सदस्य घरोघरी कचरा गोळा करतात. वेळ पाळणे, नागरिकांशी बोलणे व हिशेब ठेवणे हाही या कामातला अनुभवच असून अर्जात तो नोंदविणे योग्य ठरते. शाळेचा दाखला नसलेल्यांना पूर्वानुभवाच्या आधारे कौशल्य-प्रमाणपत्र मिळविण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे. ‘मेहनती’ या विशेषणापेक्षा कोणता माल ओळखता येतो व कोणते यंत्र चालविता येते, हा तपशील अर्जात अधिक उपयोगी पडतो.