पत्रकात नसलेले गुण: अमेरिकेच्या टँकर विमानांच्या टेंडरची गोष्ट

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हा त्याचा लेखी मजकूर. चहा घ्या आणि वाचा.

सुरुवात माझ्या एका जुन्या दुखण्यापासून करतो. कॉलेजात असताना आम्ही एका एकांकिका स्पर्धेत उतरलो होतो. नियमांच्या पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की नेपथ्याला वेगळे गुण नाहीत. म्हणून आम्ही दोन खुर्च्या आणि एका कंदिलावर भागवलं. पहिला नंबर आला दोन मजली वाडा उभा करणाऱ्या टीमचा. परीक्षक भाषणात म्हणाले, "नेपथ्य पाहून आम्ही भारावून गेलो." त्यांची एकांकिका चांगलीच होती, कुणी पैसेही खाल्ले नव्हते. तरी आम्ही रात्रभर एकच वाक्य घोळवत बसलो: अहो, नेपथ्य मोजणार होतात तर आधी सांगायचं ना!

आता हेच दुखणं ३५ अब्ज डॉलरचं आहे अशी कल्पना करा.

अमेरिकेच्या हवाई दलाकडे केसी-१३५ नावाची टँकर विमानं आहेत. हवेत उडता उडता दुसऱ्या विमानात इंधन भरायचं, हे त्यांचं काम. हे विमान पहिल्यांदा उडालं १९५६ साली. २००१ पर्यंत ताफा म्हातारा झाला होता, म्हणून हवाई दलानं बोईंगकडून १०० नवी टँकर विमानं भाड्यानं घ्यायचा बेत आखला. सिनेटर जॉन मॅककेन या बेताच्या मागे हात धुऊन लागले आणि हळूहळू आतलं बाहेर आलं. हवाई दलाच्या खरेदी विभागातल्या बड्या अधिकारी डार्लीन ड्रुयन बोईंगशी या व्यवहाराची बोलणी करत होत्या आणि त्याच काळात बोईंगमध्ये स्वतःच्या नोकरीचीही बोलणी करत होत्या. त्यांच्या मुलीला आणि जावयाला तिथे आधीच नोकरी मिळाली होती. २००४ मध्ये ड्रुयन यांना ९ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्याशी नोकरीची बोलणी करणारे बोईंगचे वित्तप्रमुखही तुरुंगात गेले आणि भाड्याचा करार बारगळला.

ही झाली सरळसरळ भ्रष्टाचाराची गोष्ट. वाईट कोण, ते लगेच कळतं. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो पुढचा भाग, कारण त्यात कुणीच चोर नाही.

ताकही फुंकून प्यायचं ठरवून हवाई दलानं २००७ मध्ये १७९ विमानांसाठी खुली स्पर्धा ठेवली. एका बाजूला बोईंग, ७६७ वर आधारलेलं विमान घेऊन. दुसऱ्या बाजूला नॉर्थरॉप ग्रमन आणि एअरबसची पालक कंपनी ईएडीएस, त्यांचं विमान ए-३३० वर आधारलेलं, म्हणजे आकारानं बरंच मोठं. २९ फेब्रुवारी २००८ ला निकाल लागला आणि नॉर्थरॉप जिंकली. अमेरिकन लष्कराचं एवढं मोठं काम युरोपच्या विमानाला! एकच गहजब झाला.

मार्चमध्ये बोईंगनं आक्षेप नोंदवला. कुठे? तर जीएओकडे. ही अमेरिकेच्या संसदेची हिशेबतपासणी करणारी संस्था, १९२१ च्या कायद्यानं जन्मलेली. सरकारी टेंडरमध्ये हरलेली कंपनी तिच्याकडे दाद मागू शकते. १९८४ च्या कायद्यानं या हक्काला भक्कम आधार दिला. जीएओला ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो, १०० दिवसांत. तारखेवर तारीख नाही!

बोईंगनं तक्रारींची भली मोठी यादी दिली होती. त्यातल्या बऱ्याच जीएओनं फेटाळल्या, पण १८ जून २००८ ला जे मुद्दे मान्य केले ते जबरदस्त होते.

पहिला मुद्दा तर आमच्या नेपथ्याचाच. टेंडरमध्ये लिहिलं होतं की इंधन वाहून नेण्याचं अमुक उद्दिष्ट गाठा, त्याच्या पुढे गेलात तर जादा श्रेय नाही. तरीही मोठ्या विमानाला त्याचं श्रेय मिळालं. दुसरा, हवाई दलानं बोईंगला कळवलं की एक महत्त्वाचा निकष तुम्ही पूर्ण केलाय. नंतर आतल्या आत मत बदललं, निकष अर्धवटच पूर्ण झाल्याचं ठरवलं, पण बोईंगला सांगितलं नाही. नॉर्थरॉपशी मात्र त्याच निकषावर चर्चा चालू ठेवली. तिसरा, हिशेब. दोन्ही विमानांचा आयुष्यभराचा खर्च साधारण १०८ अब्ज डॉलर काढला होता आणि नॉर्थरॉप जरासं स्वस्त दिसत होतं. तपासणीत हवाई दलानंच चुका कबूल केल्या. त्या दुरुस्त केल्यावर बोईंग स्वस्त ठरत होतं.

आता नीट लक्ष द्या. जीएओनं बोईंगचं विमान चांगलं आहे असं म्हटलं नाही. कुठलं विमान सरस यावर आम्ही काहीच म्हणत नाही, हे त्यांनी उघड सांगितलं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की जे लिहून दिलं होतं, त्याप्रमाणे मोजलं का?

सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ती स्पर्धाच रद्द केली. पुढच्या वेळी हवाई दलानं वादाला जागाच ठेवली नाही. ३७२ अटी, प्रत्येकीला फक्त हो किंवा नाही. सगळ्या पूर्ण झाल्या की किंमत बघायची. किमतीत १ टक्क्याच्या आतला फरक असेल, तरच बाकीचे गुण मोजायचे. हे नियम लहान विमानाच्या सोयीचे आहेत म्हणत नॉर्थरॉप बाहेर पडली, ईएडीएस एकटी लढली. फेब्रुवारी २०११ मध्ये बोईंग स्वस्त बोली लावून जिंकली. या वेळी हरलेल्यांनी आक्षेप घेतला नाही.

म्हणजे शेवट गोड? छे! पहिली १८ विमानं २०१७ पर्यंत तयार व्हायची होती, पण पहिलं विमान मिळालं जानेवारी २०१९ मध्ये. इंधन भरताना बघायची कॅमेरा यंत्रणा सदोष निघाली, ती नव्यानं बनवावी लागली. किंमत करारात बांधलेली असल्यानं बोईंगला ७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. आणि या सगळ्या काळात आकाशात इंधन कोण भरत होतं? तीच म्हातारी केसी-१३५.

त्यामुळे "प्रामाणिक प्रक्रिया म्हणजे उत्तम खरेदी" असं मी म्हणणार नाही. आक्षेपांनी वर्षं खाल्ली, हेही खरं. पण ड्रुयन प्रकरणात निदान गुन्हेगार सापडला. २००८ मध्ये मात्र बहुतेक चांगल्या हेतूच्या माणसांना मोठं विमान आवडलं आणि आवडीच्या भरात त्यांनी आपलंच पत्रक बाजूला ठेवलं. असा अन्याय लाच शोधून सापडत नाही. तो सापडतो, जेव्हा हरलेल्याला "का?" विचारायची जागा असते आणि उत्तर देणाऱ्याला मुदत असते.

आमच्या स्पर्धेत तशी जागा नव्हती. आम्ही कंदील उचलला आणि शेवटची बस पकडली.

तुमच्याकडे असा एखादा "पत्रकात नव्हतं" किस्सा असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!