हर्षलच्या घरची डागडुजी

घरी दुर्बीण करणाऱ्याची दुर्बीण कधी पुरी होत नाही. नळी जमली की स्टँड डुगडुगतं, स्टँड बसलं की आरसा लहान वाटतो, आणि आरसा मोठा केला की नळी अपुरी पडते. बरं, हे व्यसन तपकिरीसारखं एकट्यानं करण्यातलं नव्हे. त्यात सगळं घर ओढावं लागतं. या जातीचा मेरुमणी म्हणजे विल्यम हर्शेल. आपल्याकडे पत्रिकेत ठाण मांडून जुळत आलेली लग्नं मोडणारा जो ‘हर्षल’ आहे, तो याच गृहस्थाच्या नावाचा.

विल्यमराव मूळचे जर्मनीतल्या हॅनोव्हरचे. पोटासाठी इंग्लंडात बाथ गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. १७७२ साली त्यांनी धाकट्या बहिणीला, कॅरोलिनला, गायिका करायचं म्हणून आणलं. पण पुढच्याच वर्षी गावातल्या एका गृहस्थाची आरसे घासायची हौस फिटली आणि त्यानं आपली हत्यारं विल्यमरावांना विकली. त्या गृहस्थाच्या घरी त्या दिवशी नक्कीच गोडधोड झालं असणार!

इकडे दिवाणखान्यात सुतार बसला, निजायच्या खोलीत लेथ आलं. आरसा काचेचा नव्हे. तांबं आणि कथील ओतून केलेला. तो घासताना हात थांबवायचा नाही. एकदा विल्यमराव सलग सोळा तास घासत बसले. कॅरोलिननं घास भरवले, गोष्टी वाचून दाखवल्या. गाणं राहिलं बाजूला.

१३ मार्च १७८१ च्या रात्री घरामागच्या बागेतून सात फुटी दुर्बिणीत एक नवा ग्रह दिसला. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून स्वस्थ बसला असता. यांना तीन फूट रुंद आरसा हवा झाला. तोही घरच्याच तळघरात ओतायचा! साच्यासाठी घोड्याची लीद खलात कुटून चाळायची होती. चाळणी अर्थातच बहुतेक वेळ कॅरोलिनच्या हाती. पहिला आरसा निवताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीच फुटली, वितळलेला रस जमिनीवर आला आणि फरशीचे तुकडे छतापर्यंत उडाले. मंडळी वाट फुटेल तिकडे पळाली.

गंमत अशी, की त्यांची सगळ्यात नामी सुधारणा जवळजवळ फुकट झाली. धातूचा आरसा प्रत्येक वेळी बराच उजेड गिळतो. दुर्बिणीत आरसे दोन, म्हणजे गिळणारेही दोन. १७८७ च्या जानेवारीत त्यांनी वीस फुटी दुर्बिणीतला धाकटा आरसा काढून टाकला, मोठा किंचित तिरपा केला आणि नळीच्या तोंडाशीच डोळा लावला. त्याच महिन्यात नव्या ग्रहाचे दोन चंद्र सापडले! पण काढून टाकण्यात हौस कशी भागणार? राजाकडून एकूण चार हजार पौंड मिळवून १७८९ साली त्यांनी चाळीस फुटी धूड उभं केलं. शनीचा एक चंद्र त्यातून सापडला खरा. पण ते हलवता हलवता रात्र सरे, आरसा काळवंडे. रोजच्या कामाला आपली वीस फुटीच बरी.

या वीस फुटीची एक हकीकत मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री जमिनीवर बर्फ होतं. भावानं हाक मारली म्हणून अंधारात धावताना कॅरोलिन पडली आणि यंत्राचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत रुतला. सोडवताना मांसाचा लचका निघाला. पुढे आठवणी लिहिताना तिनं समाधान कशाचं मानावं? रात्री नंतर ढग आले, त्यामुळे भावाचं काही नुकसान झालं नाही, याचं!

याच कॅरोलिननं पुढे आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला पन्नास पौंड पगारही मिळू लागला. भाऊ आपल्या पंचांगात जाऊन बसला. लीद चाळणाऱ्या बहिणीला तिथं घर मिळालं नाही. तेव्हा कोणाच्या पत्रिकेत हर्षल वक्री निघालाच, तर शांत करायला भटजी बोलावण्याआधी त्याच्या बहिणीचं नाव घेऊन पाहावं. त्याला आवरणं जमलं असेल तर तिलाच!