नळाचें ऋण



गेल्या महिन्यांत एका गुरुवारीं आमच्या नारायण पेठेंत दुरुस्तीच्या कामामुळें नळाला पाणी आलें नाहीं. तशी सूचना आगाऊ मिळाली होती. परंतु पिंप भरून ठेवण्याचें माझ्या हातून राहून गेलें. सकाळीं तोटी फिरविली, तों आंतून हवेचा सुस्कारा तेवढा आला. शेजारच्या वहिनींनीं दोन तांबे पाणी दिलें, तेव्हां मुखमार्जन उरकलें. पस्तीस वर्षें मुलांना ‘उपकार विसरूं नये’ असें शिकविणाऱ्या या मास्तरानें जिचे उपकार नित्य दहा वेळां घेतले, त्या तोटीचें स्मरण एकदांहि केलें नव्हतें!

या तोटीमागें केवढा इतिहास उभा आहे! १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या ओढ्याला बांध घालून तलाव केला आणि तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत आणलें. त्या काळीं पंप नव्हते, वीज नव्हती. जमिनीच्या उताराचें नेमकें माप घ्यावें आणि तो उतार कोठेंहि मोडूं देऊं नये, एवढीच काय ती युक्ति. वाटेंत हवा खेळावी म्हणून ‘उच्छ्वास’ ठेविले. ज्या कारागिरांनीं तो उतार साधला त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. पाणी मात्र त्यांच्या शब्दाबाहेर गेलें नाहीं.

पुढें शहर वाढलें. फाइफ नांवाच्या इंग्रज अभियंत्याच्या योजनेप्रमाणें १८६९ मध्यें मुठा नदीवर खडकवासल्यास दगडी धरणाचें काम सुरू झालें आणि सुमारें दहा वर्षांत तें पुरें झालें. कालव्यानें पाणी पुण्याच्या दाराशीं आलें.

परंतु पाणी येणें निराळें आणि तें निर्धोक असणें निराळें. महामारी म्हणजे देवीचा कोप, अशी समजूत आपल्याकडे होती. दूषित हवेनें ती होते, असें विलायतेंतील विद्वान मानीत. १८५४ मध्यें लंडनच्या एका वस्तींत डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी केली आणि रोगाचें मूळ रस्त्यावरील एका पंपाच्या पाण्यांत आहे असें दाखविलें. १८८४ मध्यें रॉबर्ट कॉख यांनीं आपल्या कलकत्त्यास येऊन तेथील रोग्यांत व तळ्याच्या पाण्यांत त्या रोगाचे जंतु शोधून काढले. आज पर्वतीच्या जलकेंद्रांत पाण्यावर संस्कार होतात. तुरटीच्या योगानें गाळाचे कण एकत्र येऊन तळाशीं बसतात. वाळूच्या थरांतून पाणी गाळलें जातें. शेवटीं क्लोरीन उरलेल्या जंतूंचा नाश करतो. त्याचा किंचित् वास आला कीं आपण नाक मुरडतों. वस्तुतः तो अभयाचा वास होय.

तथापि मानवी बुद्धीची स्तुति गातांना १२ जुलै १९६१ हा दिवस आम्हां नारायण पेठकरांस विसरतां येणार नाहीं. पानशेतचें मातीचें धरण अद्याप अपुरें होतें; तरी पहिल्याच पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठलें. खचणाऱ्या बांधावर जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं. पण सकाळीं तें फुटलें आणि त्याच्या लोंढ्यानें खडकवासलाहि फुटलें. नदीकांठच्या पेठा बुडाल्या आणि शहराचा पाण्याचा सांठाच वाहून गेला. मी तेव्हां आईच्या कडेवर होतों. पुढें कित्येक दिवस तिनें दूरच्या आडावरून घागरी वाहिल्या आणि पाण्याचा घोट न् घोट उकळून घेतला. तोटी ठिबकण्याचा आवाज आला तर अखेरपर्यंत ती मध्यरात्रींहि उठून ती घट्ट करी. आम्ही हंसत असूं. आतां वाटतें, कृतज्ञता काय असते हें त्या घरांत तिलाच कळलें होतें.

धरण बांधणारी बुद्धि माणसाचीच, आणि घाई करणारीहि माणसाचीच. म्हणून कृतज्ञता केवळ हात जोडून पुरी होत नाहीं. पाहाऱ्यावर जागें राहणें, चूक झांकून न ठेवणें आणि मिळालें तें वायां न घालविणें, हें सारें तींतच येतें. दोन्ही धरणें पुन्हां उभीं राहिलीं, हेंहि याच कृतज्ञतेचें फळ.

शुक्रवारीं पहाटे नळ वाहूं लागला. प्रथम गढूळ पाणी आलें, मग स्वच्छ. मीं आधीं वहिनींचे दोन तांबे भरून परत केले. कात्रजच्या त्या अनामिक पाथरवटांचें व रात्रभर पोतीं रचणाऱ्या जवानांचें देणें तसें फेडतां येत नाहीं. म्हणून तोटी तेवढी घट्ट बंद केली.