बधिर त्वचा आणि संमतीचा प्रश्न: कुष्ठरोगावरील औषधचाचण्यांचा इतिहास

प्रस्तावना

त्वचेवर एक फिकट चट्टा आहे. तो दुखत नाही, खाजत नाही. कापसाचा बोळा फिरवला तर तिथे काहीच कळत नाही. ही बधिरता म्हणजे कुष्ठरोगाची एक मुख्य खूण. रोगाचे जंतू त्वचेत आणि हातापायांच्या नसांमध्ये वाढतात आणि स्पर्शाची, उष्णतेची, वेदनेची जाणीव हळूहळू नाहीशी होते. मग चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजते, चालताना काटा रुततो, आणि माणसाला ते कळतही नाही. बोटे झडतात असे लोक म्हणतात, पण बोटे आपोआप झडत नाहीत. पुन्हा पुन्हा होणाऱ्या आणि लक्षात न येणाऱ्या जखमांनी ती झिजतात. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यास ठामपणे मांडली.

या पाठात आपण या रोगावरील औषधांचा इतिहास एका वेगळ्या प्रश्नातून पाहणार आहोत. औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवायला माणसांवर चाचणी घ्यावी लागते. मग कोण कोणाला शोधत होते? चाचणी रुग्णाला, की रुग्ण चाचणीला? आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत होते का?

१. बर्गेनचा खटला

नॉर्वेतील बर्गेन शहरात १८७३ मध्ये गेरहार्ड आर्मोअर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू ओळखला. परंतु हाच जंतू रोग पसरवतो हे त्यांना सिद्ध करता येत नव्हते. प्रयोगशाळेत तो वाढत नव्हता आणि प्राण्यांमध्येही रोग उत्पन्न होत नव्हता. १८७९ मध्ये त्यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य टोचले. तिला बधिरतेच्या प्रकारचा कुष्ठरोग होता, आणि गाठींचा प्रकार तिच्यात उत्पन्न होतो का हे त्यांना पाहायचे होते. तिची परवानगी त्यांनी घेतली नव्हती.

प्रकरण न्यायालयात गेले. १८८० मध्ये निकाल लागून हॅन्सन यांना त्या रुग्णालयातील पद सोडावे लागले, मात्र देशाचे कुष्ठरोगविषयक वैद्यकीय अधिकारी म्हणून ते कायम राहिले. या निकालाचे महत्त्व ध्यानात घ्या. न्युरेम्बर्ग संहिता १९४७ ची, हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. त्यांच्या कितीतरी आधी एका सामान्य रुग्ण स्त्रीच्या बाजूने न्यायालयाने म्हटले की, शास्त्रज्ञाचा हेतू काहीही असो, शरीर तिचे आहे.

२. कोंडलेल्या माणसाची ‘स्वेच्छा’

भारतात त्या काळी काय चालले होते? १८५४ मध्ये कलकत्त्याच्या फ्रेडरिक मौएट यांनी चौलमुग्राच्या तेलाची माहिती पाश्चात्त्य वैद्यकाला करून दिली. आपल्याकडील वैद्यांना या वर्गातील तेले आधीपासून ठाऊक होती. पुढे लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यातच या तेलापासून टोचता येतील अशी औषधे तयार केली. ही औषधे हजारो रुग्णांना दिली गेली, पण ती न घेतलेल्या समान गटाशी काटेकोर तुलना झाली नाही. त्यामुळे गुण किती औषधाचा आणि किती चांगल्या अन्नाचा, हे सांगणे अवघड राहिले.

याच काळात १८९८ चा कुष्ठरोगी कायदा झाला. त्यानुसार भीक मागणाऱ्या निराधार रुग्णाला पकडून आश्रमात ठेवता येत असे. हा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले. ज्याला दाराबाहेर जाता येत नाही, त्याने औषधाला दिलेला होकार कसा मोजायचा?

हाच प्रश्न अमेरिकेतही दिसतो. लुइझियाना राज्यातील कारव्हिलच्या रुग्णालयात १९४१ मध्ये गाय फॅगेट यांनी प्रोमिन हे सल्फोन वर्गातील औषध वापरून पाहिले. रुग्ण स्वतःहून पुढे आले होते आणि त्यांच्या जखमा खरोखरच भरू लागल्या. पण तेही सक्तीच्या विलगीकरणात होते. त्यांची स्वेच्छा खोटी होती असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण बरे होण्याची ओढ खरी होती. तरीही त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे. इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात.

सल्फोन वर्गातील मूळ औषध म्हणजे डॅप्सोन. ते स्वस्त होते. १९४६ च्या सुमारास रॉबर्ट कॉक्रेन यांनी मद्रासजवळच्या चिंगलपुट येथे, म्हणजे आजच्या चेंगलपट्टूत, ते टोचून देण्यास सुरुवात केली. पुढे ते गोळीच्या रूपात जगभर पोहोचले.

३. घरोघरी जाणारी तपासणी

गोळी आल्यावर रुग्णाला कोंडण्याचे कारण उरले नाही, पण त्याला शोधण्याची गरज वाढली. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. वर्धा परिसरातील त्याच्या कामातून डॉ. र. वि. वार्डेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री मांडली. कार्यकर्ते घरोघर जाऊन त्वचा तपासत आणि लवकर उपचार सुरू करत. हीच पद्धत पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने स्वीकारली. पुढे डॅप्सोनला न जुमानणारे जंतू आढळू लागले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांच्या एकत्रित बहुविध उपचाराची शिफारस केली.

मोठ्या लोकसंख्येवर चाचणी घेणे आता शक्य झाले. चेंगलपट्टू भागात १९९१ पासून लसींची तुलना करणारी एक चाचणी सुरू झाली. सुमारे १ लाख ७१ हजार स्वयंसेवकांचा तीत समावेश होता. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधून आलेली आयसीआरसी लस त्यांपैकी एक. काहींना केवळ मिठाचे पाणी टोचले गेले. चाचणी ‘डबल ब्लाइंड’ होती, म्हणजे कोणाला काय दिले हे टोचून घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयसीआरसी लसीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के, तर नुसत्या बीसीजीचे सुमारे ३४ टक्के आढळले.

आता त्या गावातील एखाद्या शेतमजुराच्या जागी स्वतःला ठेवा. ‘तुम्हाला कदाचित नुसते पाणी मिळेल’ हे वाक्य तुम्हाला कोणी, कोणत्या भाषेत आणि किती वेळ घेऊन समजावले असते, तर तुमचा होकार खरा ठरला असता? आश्रमाच्या भिंती आता नव्हत्या. पण अज्ञान आणि डॉक्टरांविषयीचा धाक यांचीही एक भिंत असते.

४. जंतू मेले, नसा राहिल्या

बहुविध उपचाराने जंतू मरतात, परंतु नसांना झालेली इजा आपोआप भरून येत नाही. उलट, उपचार चालू असताना शरीराच्या प्रतिक्रियेने नसा सुजतात आणि बधिरता वाढू शकते. १९६४ मध्ये जेरुसलेम येथे जेकब शेस्किन यांना अशा एका तीव्र प्रतिक्रियेवर थॅलिडोमाइड उपयोगी पडते असे दिसले. गर्भातील व्यंगांमुळे बाजारातून काढलेले हेच ते औषध. शिवाय ते स्वतःच हातापायांत बधिरता आणू शकते, अशी शंका १९६० मध्येच छापून आली होती. नसांच्या आजारात ‘फायदा किती आणि किंमत किती’ हा प्रश्न इतका अवघड असतो. म्हणूनच उत्तर देणाऱ्याला पूर्ण माहिती हवी.

नसांची इजा टाळण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आधीच द्यावे का, हे नेपाळ आणि बांगलादेशातील चाचणीत तपासले गेले. ६३६ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. औषध चालू असताना फायदा दिसला, पण वर्षाअखेर तो टिकला नाही. अशा नकारात्मक निष्कर्षालाही मोल आहे. त्यामुळे पुढच्या असंख्य रुग्णांना विनाकारण स्टेरॉइड घ्यावे लागले नाही, आणि हे ज्ञान त्या ६३६ जणांच्या शरीरांनी मिळवून दिले.

५. नोंदवही उघडते

२० जुलै २००७ रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अखत्यारीत क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, सुरू झाली. औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली. २०१९ च्या नव्या नियमांनी आचारनीती समितीची मान्यता, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई या बाबी एकत्र बांधल्या. चाचणी कोठे चालू आहे, कोणाला घेतात, कोणाला वगळतात, कोणाशी संपर्क साधायचा, हे आता कोणालाही पाहता येते. दीडशे वर्षांच्या या प्रवासात प्रथमच रुग्णाला चाचणी शोधता येऊ लागली.

तुमच्या घरात मधुमेहामुळे कोणाच्या तळपायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरता आली असेल, तर हा इतिहास तुमच्याही कामाचा आहे. आधी डॉक्टरांकडून कारण निश्चित करून घ्यावे. मग नोंदवहीत त्या आजाराचे नाव शोधावे, नोंदणी क्रमांक आणि समितीची मान्यता पाहावी. माहितीपत्रक आपल्या भाषेत मागावे आणि घरी नेऊन वाचावे. तुलनेच्या गटात काय देणार, इजा झाल्यास खर्च कोण करणार, हे विचारावे. मधूनच बाहेर पडण्याचा हक्क सहभागी व्यक्तीला आहे, आणि तो वापरला म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. वाचता न येणाऱ्याची संमती घेताना तटस्थ साक्षीदार हजर असावा लागतो.

समारोप

बर्गेनच्या त्या स्त्रीला कोणी विचारले नाही. आश्रमातल्या रुग्णाला विचारले, तरी त्याला जायला दुसरी जागा नव्हती. आज विचारणे हा कायदा आहे. पण नोंदवहीतील नोंदी इंग्रजीत आहेत, आणि बधिर पाय घेऊन शेतात राबणारी व्यक्ती ती उघडेलच असे नाही. ती नोंद वाचून तिच्या भाषेत सांगणारे कोणीतरी लागते. हा पाठ वाचणारे तुम्ही ते काम करू शकता.

विचारासाठी प्रश्न

१. सक्तीच्या विलगीकरणातील रुग्णाने दिलेल्या होकाराला इतिहासकाराने ‘संमती’ म्हणावे का? कारणे द्या.
२. नकारात्मक निष्कर्ष आलेल्या चाचणीतील सहभागींचे समाजावर कोणते ऋण आहे, असे तुम्हाला वाटते?
३. तुमच्या भाषेत ‘मला कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरेल’ ही गोष्ट आजीला कशी समजावून सांगाल? पाच वाक्यांत लिहा.