लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची आहारनोंद

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची आहारनोंद म्हणजे रुग्णाने आपल्या रोजच्या खाण्यापिण्याची ठेवलेली लेखी नोंद होय. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी' या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात. त्यामुळे थोड्या घासांतच पोट भरते व त्या घासांत काय असावे, याला महत्त्व येते. राजकीय नेते नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती.

स्वरूप
नोंदवहीत जेवणाची वेळ, पदार्थ, वाटी-चमच्याच्या मापाने प्रमाण, पाणी आणि नंतर झालेला त्रास लिहितात. दिवसाला साधारणतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने अपेक्षित असतात. जेवताना पाणी पिणे टाळतात.

बीड जिल्ह्यातील आहार
बीड जिल्ह्यात ज्वारी-बाजरीची भाकरी हे मुख्य अन्न आहे. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅमच असतात. म्हणून भाकरीआधी मटकीची उसळ, पिठले, दही किंवा अंडी खाणे हितावह ठरते. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात. गुळाच्या वा अतिगोड पदार्थांनी, विशेषतः बायपासनंतर, घाम, धडधड व जुलाब होऊ शकतात.

महत्त्व
फरसाण, बिस्किटे, गोड चहा असे सहज पोटात जाणारे पदार्थ विस्मरणात जातात आणि वजन पुन्हा वाढू लागते. नोंदीमुळे ते वेळीच लक्षात येते. मात्र नोंद ही जीवनसत्त्वांच्या गोळ्या व नियमित रक्ततपासणी यांना पर्याय नाही. वारंवार उलट्या होत असल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.